दुसऱ्याचे मन कशावरून?

सुरतजवळच्या कोसाड स्थानकावर शेजारचा प्रवासी कपाळ दाबून बसतो. त्याचे डोके दुखत असावे, असे आपण मानतो. ती वेदना मात्र आपल्याला दिसत नाही. मग ‘माझ्यावाचून अन्य मनच नाही’ म्हणणाऱ्याला उत्तर काय?

आखातापलीकडच्या वलभीत सहाव्या शतकात स्थिरमतीने ज्या बौद्ध विज्ञानवादाचे भाष्य केले, त्याला हा प्रश्न विशेष जाचक होता. बाह्य जग चित्ताचाच आविष्कार असेल, तर इतर माणसे कुठली? सातव्या शतकात धर्मकीर्तीने ‘संतानांतरसिद्धी’त उत्तर दिले : माझ्या बोलण्यापूर्वी माझी इच्छा असते, हा स्वानुभव आहे, जे बोलणे माझ्या इच्छेतून आलेले नाही, त्यामागे दुसऱ्याची इच्छा असलीच पाहिजे. अकराव्या शतकात विक्रमशिलेच्या रत्नकीर्तीने आक्षेप घेतला : धूर आणि अग्नी एकत्र पाहिल्यावरच धुरावरून अग्नीचे अनुमान होते, परचित्त तर आपण कधीच पाहिलेले नाही.

हा वाद अजून मिटलेला नाही. तरीही त्या प्रवाशाला पाणी विचारावेच. आपले अनुमान चुकले, तर घोटभर पाणी वाया जाईल. आपला संशय चुकला, तर त्याची किंमत त्याला मोजावी लागेल.