भुतांचा राजा, गावाचा राखणदार

(लेखांक 6)

गेल्या आठवड्यात पाहिलेले मुंजा आणि समंध एकेका जागेला बांधलेले होते. मुंजाला पिंपळ, समंधाला पुरलेलं धन. वेताळाला मात्र अख्खं गाव लागतं. स्मशान त्याचं, तिठा त्याचा, शीवही त्याचीच. अवसेच्या रात्री मशाली पेटवून त्याची पालखी निघते आणि गावातली यच्चयावत भुतं तिच्यामागे चालतात, असं कोकणात पिढ्यान् पिढ्या सांगत आले.

वाचणाऱ्यांना तो ठाऊक असतो विक्रमाच्या खांद्यावरचा. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त त्या पंचवीस गोष्टी गुंफल्या. तिथे तो झाडाला टांगलेल्या प्रेतात शिरलेला आहे, राजाला कोड्यात पाडतो, पुन्हा पुन्हा निसटतो. पण शेवट विसरू नये. राजाचा बळी द्यायला टपलेल्या भिक्षूचा डाव वेताळच फोडतो आणि राजा वाचतो. प्रेतात राहणारा हा जीव तिथेच राखण करू लागलेला दिसतो.

कोकण-गोव्याने त्याला हेच काम कायमचं दिलं. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला जा. जयवंत दळवींचं हे गाव. तिथे वेताळ हा वेतोबा आहे, पुरुषभर उंचीहून मोठा, हातात तलवार. पूर्वी मूर्ती लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. नवस फेडायला लोक केळ्यांचे घड आणतात आणि चामड्याच्या चपला वाहतात. चपला माणसाच्या मापाच्या नसतात, वेतोबाच्या मापाच्या असतात, चांगल्या थोराड. रात्री देव गावाची फेरी मारतो, म्हणून त्या झिजतात, ही तिथली श्रद्धा. मला या श्रद्धेत फार मोठी समज दिसते. अंधाराची भीती गावाने हाकलली नाही, तिलाच पहाऱ्याला बसवलं आणि तिच्या पायांची काळजी घेतली. चोर, साथ, परकं भूत, जे काही शिवेवरून आत येईल त्याची गाठ आधी वेतोबाशी.

गोव्यात आमोणे, प्रियोळ, लोलये या गावांतही बेताळ आहे. घाटावर आलं की मूर्ती बहुधा संपते. शेंदूर फासलेला तांदळा उरतो, टेकडीवर, वस्तीपासून लांब. पुण्याच्या वेताळ टेकडीला नाव त्याच्यावरूनच पडलं.

या समजुती कागदावर उतरल्या त्याची हकीकत चटका लावणारी आहे. मुंबई इलाख्यातल्या खेड्यापाड्यांच्या शाळामास्तरांकडून भुतं, नवस, उतारे यांची माहिती गोळा करत होते नाशिकचे कलेक्टर जॅक्सन. 21 डिसेंबर 1909 रोजी ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांच्या मागे राहिलेल्या टिपणांवरून ब्रिटिश अधिकारी एन्थोव्हेन यांनी या समजुतींच्या संग्रहाचा कोकणाचा खंड 1915 मध्ये काढला. जॅक्सन आणि कान्हेरे आपल्या आठवणीत आहेत. आपापल्या गावची भुतं नेमकेपणाने लिहून धाडणारे ते मास्तरही असायला हवेत, कारण त्यांच्याइतक्या जवळून खेड्यातली माणसं आणि त्यांची भीती दुसऱ्या कोणी टिपलेली नाही.

त्याच समजुतींमध्ये बाळंतपणात दगावलेल्या बाईचंही भूत आहे. तिला वेताळासारखी नेमणूक मिळाली नाही. तिने घरी परतू नये म्हणून स्मशानाच्या वाटेवर राळे पेरत आणि उंबऱ्यात खिळा ठोकत. कणन् कण वेचून झाल्याशिवाय तिला पुढे येता येत नाही, तोवर उजाडतं, असा हिशेब. आपलं पोर बघायला परत येणाऱ्या आईची एवढी धास्ती गावाने का घेतली? लावसट, हडळ आणि जखीण यांच्याकडे पुढच्या लेखांकात याच प्रश्नावरून जाऊ.