परदेशातल्या इंग्रजी क्लासची नोकरी

जपान, चीन, व्हिएतनाम या देशांत इंग्रजी शिकवणाऱ्या खाजगी संस्थांना शाळा म्हणत असले, तरी त्यांचा कारभार आपल्याकडच्या क्लाससारखाच चालतो. एका नावाच्या अनेक शाखा, स्टेशनाजवळची भाड्याची जागा, आगाऊ फी आणि मुख्य कार्यालयाने आखून दिलेला धडा. मॅक्सिमिलियन बर्लिट्झने 1878 मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात सुरू केलेली संस्था ही या धंद्यातल्या सर्वांत जुन्या साखळ्यांपैकी एक. विद्यार्थ्याची मातृभाषा न वापरता शिकवायचे, ही तिची पद्धत. त्यामुळे शिक्षकाला स्थानिक भाषा आली नाही तरी चालते.

विद्यार्थी ऑफिस किंवा शाळा सुटल्यावर येतात, म्हणून काम दुपारी सुरू होऊन रात्री संपते. शनिवार-रविवारी तर खरी गर्दी. तास चाळीस-पन्नास मिनिटांचा; मधल्या दहा मिनिटांत मागच्या विद्यार्थ्याची नोंद लिहायची आणि पुढच्याची फाइल काढायची. जपानमधल्या करारांत आठवड्याला साडेएकोणतीस तास हा आकडा वारंवार दिसतो. मोठ्या कंपन्यांनाही 2016 पर्यंत तीस तासांची रेघ ओलांडल्यावरच सामाजिक विम्यातला मालकाचा वाटा भरावा लागे, म्हणून ही काटकसर रूढ झाली. पालघर जिल्ह्यातल्या तारापूर एमआयडीसीतली कंत्राटी पद्धत पाहिलेल्यांना यातली मेख समजावून सांगावी लागत नाही.

तिथल्याच दांडी, नवापूर किंवा बोईसरच्या तरुणाचे घोडे मात्र आधी व्हिसावर अडते. दक्षिण कोरियात खाजगी क्लासमध्ये शिकवण्यासाठी ई-2 व्हिसा इंग्रजीभाषक मानलेल्या सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. भारत त्यांत नाही. जपानमध्ये भारतीयांना दार बंद नाही. पदवी लागते आणि ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही त्याचे बारा वर्षांचे शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेले असावे, अशी अट सहसा असते. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकून पुढे पालघरच्या दांडेकर महाविद्यालयातून इंग्रजीत बी.ए. झालेला मुलगा कितीही पक्का असला तरी या अटीत बसत नाही. पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेला, पण चार वाक्ये धड न लिहिणारा पदवीधर बसतो. भाषेची पारख करण्याची ही तऱ्हा विचित्रच म्हणायची.

नोकरी मिळाल्यावरचा धोका नोव्हा या जपानी साखळीने दाखवून दिला. 1981 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या ऐन भरात नऊशेहून जास्त शाखा होत्या. विद्यार्थी शेकडो तासांची फी आगाऊ भरत आणि त्याच पैशावर संस्था नव्या शाखा उघडे. फी परत करण्याच्या वादात एप्रिल 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला, जूनमध्ये सरकारने व्यवसायावर निर्बंध घातले आणि ऑक्टोबरात दिवाळे वाजले. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले. अनेकांची घरे कंपनीमार्फत घेतलेली. भाडे पगारातून कापले जाई, पण घरमालकापर्यंत पोचलेच नव्हते. काहींनी तर जेवणाच्या बदल्यात शिकवण्या घेतल्या. चीनमध्ये 2021 साली वॉल स्ट्रीट इंग्लिशच्या शाखा बंद पडल्या, तेव्हाही आगाऊ फी भरलेले विद्यार्थी आणि पगार थकलेले कर्मचारी असेच अडकले. म्हणून करारात पगाराच्या आकड्याइतकेच घर कोणाच्या नावावर आहे आणि नोकरी सुटली तर व्हिसाचे काय होते, हे पाहावे लागते.

भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते. त्याचे नाव केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. त्याने उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा 30 हजार रुपये अधिक जीएसटी अशी आहे. आधी टुरिस्ट व्हिसावर जा, कामाचा परवाना तिकडे काढून देऊ, असे सांगणारा एजंट उमेदवाराला बेकायदा कामावर पाठवत असतो. उमेदवार पकडला गेला तर परत पाठवणी त्याचीच होते.