गुरुजी

नांदेडच्या जुन्या माणसांपाशी नरहर कुरुंदकरांचा विषय काढला, की त्यांच्या तोंडी एकच शब्द येतो : गुरुजी. पीपल्स कॉलेजात ते मराठीचे प्राध्यापक झाले, पुढे प्राचार्य झाले, तरी शाळामास्तर असतानाची ही हाक बदलली नाही. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत, एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच, त्यांनी शेवटचा श्वास घेतला. वय अवघं ४९. चार दशकं उलटली, तरी ती हाक अजून तीच आहे.

त्यांचा जन्म १५ जुलै १९३२चा, नांदापूरचा. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. तिथल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याची भाषा उर्दू होती. मराठी शिकणं, मराठीत बोलणं हीसुद्धा तिथे एक भूमिका होती. १९४८मध्ये हैदराबाद मुक्त झालं, १९५०मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं, आणि मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९५८मध्ये. शिक्षणाची भूक मोठी आणि सोयी तुटपुंज्या, अशा काळात कुरुंदकर घडले. ते स्वतः इंटरला नापास झालेले. शाळेत नोकरी धरली, वाचन सोडलं नाही, पदव्या नंतर मिळवल्या. परीक्षेतल्या अपयशाने माणसाची बुद्धी मोजता येत नाही, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

साहित्याचा शिक्षक म्हणून त्यांची झेप पाहिली, की आजही थक्क व्हायला होतं. एकीकडे ‘रिचर्डची कलामीमांसा’, दुसरीकडे भरताचं नाट्यशास्त्र. ‘धार आणि काठ’मध्ये त्यांनी मराठी कादंबरीची अख्खी वाटचाल तपासली. मोठ्या नावापुढे त्यांची लेखणी अडखळत नसे. एखादी कलाकृती आवडते म्हणजे नेमकं काय आवडतं, ते सांगा, असा त्यांचा आग्रह असे.

त्यांचं शिकवणं वर्गाबाहेर कसं चाले, याचा उत्तम पुरावा ‘श्रीमान योगी’त आहे. रणजित देसाई शिवचरित्रावर कादंबरी लिहीत होते. कुरुंदकरांनी त्यांना दीर्घ पत्र लिहिलं आणि तेच पुढे कादंबरीची प्रस्तावना झालं. महाराजांचं मोठेपण केवळ रोमहर्षक प्रसंगांत शोधू नका, असं ते त्यात मांडतात. राजा गेल्यावरही ज्या राज्यासाठी सामान्य रयत औरंगजेबाशी वर्षानुवर्षं झुंजली, ते राज्य लोकांना आपलं का वाटलं, हा त्यांचा खरा प्रश्न. ज्याच्यावर आपली भक्ती आहे त्याच्याबद्दलही प्रश्न विचारावेत, उत्तर नीट शोधलं तर आदर वाढतोच, हा धडा त्या पानांत आहे. लाखो वाचकांनी तो कादंबरीच्या निमित्ताने गिरवला.

हीच रीत त्यांनी समाजकारणात नेली. ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’ या पुस्तकांत हिंदू परंपरावाद्यांना त्यांनी सुनावलं, मुस्लिम जातीयवादालाही सुनावलं, आणि स्वतः समाजवादी असून समाजवाद्यांनाही सोडलं नाही. टाळ्या मिळवण्यासाठी सोयीची बाजू घेणं त्यांना जमलं नाही. विरोधकाचं म्हणणं आधी त्याच्याहून नेटकं मांडायचं आणि मग खोडायचं, ही त्यांची पद्धत. आज वाद पुष्कळ होतात, पण समोरच्याचं म्हणणं पुरतं ऐकून घेणारे कमी. म्हणून त्यांची उणीव काळाबरोबर वाढतच गेली आहे.

गुरुजींना आदरांजली वाहायची तर हाराफुलांची गरज नाही. ‘जागर’ काढा, हातात पेन्सिल घ्या आणि जिथे पटणार नाही तिथे समासात आपलं कारण लिहा. ते कारण धड लिहिता आलं, तर समजा, आपणही त्यांच्या वर्गात बसलो.