सुपारीएवढी गाठ, वीतभर टाके

“एवढीशी तर गाठ होती डॉक्टर, मग एवढं का कापलंत?” कातडीवरची गाठ काढलेल्या कुत्र्याला घरी न्यायला आलेली माणसं टाक्यांची लांबच लांब ओळ पाहून हमखास हे विचारतात. विचारायलाच हवं. पुढचे दोन आठवडे काय जपायचं आणि कशाची वाट पाहायची, हे त्या उत्तरावरूनच कळतं.

कुत्र्यांच्या कातडीच्या कर्करोगांमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो मास्ट सेल ट्यूमर. मास्ट पेशी निरोगी कातडीतही असतात. ॲलर्जीत खाज सुटते, कातडी लाल होते, सूज येते, ती या पेशींतून सुटणाऱ्या हिस्टामिनमुळे. त्याच बेसुमार वाढल्या की गाठ होते. आपल्याला दिसते ती फक्त गाठीची कड. पेशी तिच्याही पलीकडे पसरलेल्या असू शकतात. म्हणून जागा असेल तिथे चारही बाजूंनी साधारण २ सेंटिमीटर निरोगी कातडी आणि खाली स्नायूवरच्या आवरणाचा एक थर गाठीसोबत काढायचा, असा शस्त्रक्रियेचा प्रघात आहे. आता हिशेब करा. गाठ २ सेंटिमीटरची, दोन्हीकडे दोन-दोन, म्हणजे ६ सेंटिमीटरचं वर्तुळ. गोल छेद तसाच शिवला तर टोकांना चुण्या पडतात, म्हणून तो लांबट, रुंदीच्या तिपटीच्या आसपास घेतात. सहा त्रिक अठरा. सुपारीएवढ्या गाठीला वीतभर टाके पडतात ते असे. पायावर इतकी कातडी सुटी नसते. तिथे डॉक्टरांना कमीवर भागवावं लागतं.

प्रत्येक गाठ या जातीची नसते. उतारवयातल्या लॅब्राडॉरच्या बरगड्यांवर सापडणारी मऊ, सरकणारी गाठ बहुतेकदा नुसत्या चरबीची असते. लहान वयाच्या कुत्र्याला उठणारी लालसर, गुळगुळीत गाठ पुष्कळदा आपोआप जिरते. पण मास्ट सेलची गाठ या दोन्हींचं सोंग घेऊ शकते, कधी आज फुगते आणि उद्या बसते. हाताला लागण्यावरून खात्री देता येत नाही, अनुभवी डॉक्टरलासुद्धा नाही. बॉक्सर, पग, लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर यांच्यात ती जास्त दिसते. गावठी कुत्र्यांनाही होते.

घरी आल्यावरची पहिली रात्र माणसांना जड जाते. भुलीची गुंगी पुरती उतरायला बारा ते चोवीस तास लागतात. तोवर कुत्रा लटपटतो, भिंतीकडे बघत बसतो, कण्हतो. हे कण्हणं दरवेळी वेदनेचंच असतं असं नाही. औषधाच्या अमलातल्या गोंधळाचंही असतं. वेदना ओळखायची ती दुसऱ्या खुणांवरून: तो आडवाच होत नाही, थंड खोलीतही धापा टाकतो, सारखा जखमेकडे वळून पाहतो, कोपऱ्यात जाऊन बसतो. पहिल्या रात्री जमिनीवरच अंथरूण द्यावं, पलंगावर नको. पाणी थोडं थोडं द्यावं, आणि पूर्ण शुद्धीवर आल्यावर दोन-चार घास मऊ भात आणि उकडलेलं चिकन. शी दोन दिवस झाली नाही तर घाबरायचं कारण नाही. चोवीस तासांत लघवी मात्र झालीच पाहिजे, नाहीतर डॉक्टरांना फोन करावा.

याच रात्री एक गंभीर चूक घडू शकते. कुत्र्याचं अंग आपल्या हाताला नेहमीच गरम लागतं, कारण त्याचं निरोगी तापमानच साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. घरच्यांना वाटतं ताप आहे, आणि घरातल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी पेढ्यात घालून दिली जाते. पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृताला आणि रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करू शकतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडं बिघडतात. मास्ट सेलच्या रुग्णात धोका आणखी मोठा, कारण गाठीतून सुटलेल्या हिस्टामिनमुळे जठरातलं आम्ल आधीच वाढलेलं असू शकतं. कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं वेगळी आहेत, ती वजनावर मोजून दिली जातात, आणि स्टेरॉइड चालू असेल तर त्यांच्यासोबत बहुधा देत नाहीत. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड या आजारात पुष्कळदा वापरतात. म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर चालू गोळ्यांची सगळी पाकिटं बरोबर न्यावीत. शी काळी, चिकट झाली, उलटीत रक्त आलं किंवा हिरड्या पांढुरक्या पडल्या तर सकाळपर्यंत थांबू नये.

आता जखम. तिच्याकडे सकाळ-संध्याकाळ चांगल्या उजेडात पाहायचं, आणि रोज एकाच अंतरावरून मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. “कालपेक्षा जास्त लाल आहे का?” या प्रश्नाला आठवणीपेक्षा फोटो बरं उत्तर देतो. पहिले काही दिवस कडा थोड्या लाल, किंचित सुजलेल्या असणारच. मास्ट पेशींत हिस्टामिनबरोबर हेपॅरिनही असतं आणि ते रक्त गोठू देत नाही, म्हणून आजूबाजूला निळेजांभळे डाग पडू शकतात. सूज गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते. छातीवर शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याचं कोपर तिसऱ्या दिवशी फुगलेलं दिसतं ते त्यामुळे. कातडीखालच्या मोकळ्या जागेत पातळ लस साठून मऊ फुगाही येतो. तो बहुतेकदा शरीर आपण होऊन शोषून घेतं. घरी सुई टोचून तो रिकामा करू नये, कारण त्याने जंतूंना आत वाट मिळते. वास, पू, वाढती लाली, ठिबकणारं रक्त किंवा टाक्यांमधली फट दिसली तर त्याच दिवशी दाखवावं.

जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घालायचा कोन हा घरोघरीचा वादाचा विषय. “बिचाऱ्याला किती त्रास होतोय” म्हणून तो काढला जातो, आणि “कुत्र्याच्या लाळेत औषध असतं” असं कोणीतरी वडीलधारं माणूस सांगतं. लाळेत जंतुनाशक द्रव्यं थोडी असतात हे खरं. पण त्याच तोंडात जंतूही असतात, जीभ खरखरीत असते, आणि पुढच्या बारीक दातांनी टाके उपसायला कुत्र्याला काही मिनिटं पुरतात. ही काही मिनिटं बहुधा रात्रीची असतात, घर झोपलेलं असताना. उघडलेली जखम पुन्हा शिवायची म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा खर्च, आणि कातडी आधीच ताणून आणलेली असेल तर शिवायला पुरेल याचीही खात्री नाही. म्हणून कोनाच्या बाबतीत दयामाया दाखवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोन नाकाच्या पुढे थोडा यावा, गळ्याशी दोन बोटं आत जावीत. जेवणाचं ताट पाटावर ठेवलं की कोनासकटही खाता येतं. तेही जमेना तर आपण समोर बसून तेवढ्यापुरता काढावा. जखम पाठीवर किंवा पोटावर असेल तर घरातलं जुनं सुती बनियन छान बसतं, मागे शेपटीसाठी गाठ मारली की झालं. पण कोनाऐवजी नव्हे, जोडीला.

टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात आणि तिथे घरच्यांना सुटल्यासारखं वाटतं. शरीराचा हिशेब वेगळा आहे. तीन आठवड्यांनंतरही शिवलेल्या जागेत मूळ कातडीच्या साधारण २० टक्केच ताकद आलेली असते; पुढे कित्येक महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास पोचते आणि तिथेच थांबते. म्हणजे टाके काढल्याच्या संध्याकाळी गच्चीवर चेंडू फेकायचा नाही. टाके निघेपर्यंतचं फिरणं पट्टा लावून, शी-शूपुरतं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत मोठ्या कुत्र्याला दोघांनी चादरीच्या झोळीत उतरवावं. शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर ती दिवाळीच्या किंवा विसर्जनाच्या तोंडावर ठेवू नये. फटाके आणि ढोलांनी बिथरलेला कुत्रा दाराच्या फटीत घुसताना टाके सांभाळत नाही.

अंघोळ टाके निघेपर्यंत बंद. जखमेवर हळद, तेल, राख, माणसांची मलमं, काहीही लावू नये. हळदीबद्दल आपल्याला जिव्हाळा आहे, तिच्यातल्या द्रव्यांवर संशोधनही झालेलं आहे, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, टाक्यांत अडकून बसते आणि पिवळ्या थराखाली लाली किंवा पू दिसत नाही. पावसाळ्यात आणखी एक शत्रू असतो: माशी. ओल्या जखमेवर तिने अंडी घातली की दिवसभरात अळ्या बाहेर पडू शकतात. अंगणात, गोठ्याजवळ किंवा तळमजल्यावर राहणाऱ्या कुत्र्याला हे दिवस घरातच ठेवावं आणि झोपताना लहान मुलांची मच्छरदाणी घालावी.

मला या सगळ्यांहून जास्त कळकळीने सांगायचं आहे ते काढलेल्या गाठीबद्दल. ती पुष्कळदा कचऱ्यात जाते. शस्त्रक्रियेचा खर्च झालेला असतो, कुत्रा चालायला लागलेला असतो, तपासणीचे आणखी पैसे कशाला असं वाटतं. पण गाठ काढणं हे निम्मं काम आहे. ती कोणती होती, आणि पूर्ण निघाली का, हे फक्त सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. त्यासाठी गाठ तिच्या दहापट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, शक्यतो सबंध, पॅथॉलॉजिस्टकडे जायला हवी. राज्यात परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, शहरांत खासगी प्रयोगशाळा आहेत. जवळचं आणि परवडणारं कोणतं, हे शस्त्रक्रियेच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

अहवालात दोन गोष्टी पाहायच्या. एक म्हणजे कडा: गाठीभोवतीची कातडी गाठीच्या पेशींपासून मुक्त आहे की त्या पेशी कापलेल्या कडेपर्यंत पोचल्या आहेत. पोचल्या असतील तर पुन्हा शस्त्रक्रिया, औषधं किंवा बारीक लक्ष, असा निर्णय करावा लागतो. दुसरी म्हणजे श्रेणी. १९८४ पासून पॅटनाइक यांची तीन श्रेणींची पद्धत चालत आली. मधल्या श्रेणीवर पॅथॉलॉजिस्टांचंच एकमत होईना, तेव्हा २०११मध्ये किउपेल आणि सहकाऱ्यांनी सौम्य आणि तीव्र अशा दोनच श्रेणी सुचवल्या. त्यांच्या अभ्यासात सौम्य श्रेणीतल्या कुत्र्यांचं मध्यम आयुर्मान दोन वर्षांहून जास्त निघालं, तर तीव्र श्रेणीत चार महिन्यांहून कमी. हे आकडे समूहाचे आहेत, आपल्या कुत्र्याचं भविष्य नव्हेत. पण दोन श्रेणींत इतकं अंतर असताना आपला कुत्रा कुठल्या बाजूला आहे हे न कळताच राहणं मला पटत नाही. सौम्य गाठ पूर्ण निघाली असेल तर बहुतेकदा त्या जागेला पुढे उपचार लागत नाहीत. तीव्र असेल तर जवळच्या लसीका ग्रंथी तपासणं, पोटाची सोनोग्राफी, केमोथेरपी यांचा विचार वेळेत करता येतो.

एकदा मास्ट सेल ट्यूमर झालेल्या कुत्र्याला दुसरीकडे नवी गाठ होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून महिन्यातून एकदा, एरवी लाड करताना फिरतो तसाच हात सबंध अंगावरून फिरवावा, काखा, जांघा, कानांमागे आणि बोटांच्या बेचक्यांतही. गाठ लागली तर जागा, माप आणि तारीख लिहून ठेवावी, तिला दाबून पाहत बसू नये. एक सेंटिमीटरहून मोठी झालेली किंवा महिनाभर टिकलेली गाठ डॉक्टरांकडून सुईने तपासून घ्या. या तपासणीला बहुधा भूल लागत नाही.