चहाचा कप आणि स्त्रीशरीर

पेढीवरून परतलेल्या सासऱ्यांना सायंकाळचा चहा बाधत नाही. त्याच पातेल्यातील चहाने गरोदर सून मध्यरात्रीपर्यंत जागी राहते. याला नाजूकपणा म्हणण्याची चाल जुनी, आणि अन्यायाचीही. कारण यकृतात आहे. चहा-कॉफीतील कॅफिन तेथील एका विकरामुळे मोडते. प्रौढ शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास साधारण ५ तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीत हा काळ जवळजवळ दुप्पट होतो. गरोदरपणाच्या अखेरीस तर १५ तासांच्या आसपास जातो. दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफिन घेणाऱ्या गर्भवतींनी ते कमी करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कॅफिन वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते, आणि ते मोडणारे विकर गर्भाच्या यकृतात जवळजवळ नसतेच.