बारा तासांची मुभा

पीटरमॅरित्झबर्ग हे नाव आपल्याला गांधीजींमुळे ठाऊक आहे. १८९३ साली त्यांना रेल्वेच्या डब्यातून उतरवलं ते याच स्टेशनवर. लांब पल्ल्याच्या धावपटूंना मात्र हे शहर कॉम्रेड्स मॅरेथॉनमुळे जवळचं वाटतं. इथून डर्बनपर्यंतचा रस्ता जवळपास नव्वद किलोमीटरचा. साधारणपणे एका वर्षी स्पर्धा डर्बनहून वर चढते, पुढच्या वर्षी समुद्राकडे उतरते. पुण्या-मुंबईचे धावपटूही वर्षभर सिंहगडाचे नाहीतर साताऱ्याचे घाट तुडवून तिथे जातात.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या विक क्लॅफम या रेल्वे इंजिनचालकाने मृत सोबत्यांच्या स्मरणार्थ ही दौड सुरू केली. २४ मे १९२१ रोजी ३४ जण धावले आणि १६ जण पोहोचले. विजेता बिल रोवन याला ८ तास ५९ मिनिटं लागली. आज साडेसात ते नऊ तासांत पोहोचणाऱ्यांना त्याच्याच नावाचं पदक मिळतं आणि पहिला येणारा साडेपाच तासांच्या आत डर्बन गाठतो. स्पर्धेची मुदत बारा तासांची. ती संपताना एक पदाधिकारी येणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक झाडतो. त्यानंतर एका सेकंदाने आलेल्यालाही पदक नाही.

आता नऊ तासांचंच पदक हवं म्हणून वर्षभर घाम गाळलेला एखादा धावपटू घ्या. चढाच्या वर्षी शेवटचे आठेक किलोमीटर उरले असताना पॉली शॉर्ट्सची टेकडी समोर येते. मांड्या दगडासारख्या झालेल्या, जेल पोटात ठरत नाही आणि घड्याळ सांगतं की दहा मिनिटं मागे आहात. ‘गेलं सगळं!’ असं मनात येतं आणि पाय थबकतात. वास्तविक मुदत संपायला त्याच्या हाताशी अजून तीन तासांहून जास्त वेळ असतो. त्याला शरीराच्या आधी डोक्यातला तो एकच आकडा थांबवतो.

मानसशास्त्रज्ञ पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून निर्दोषपणाची अपेक्षा, इतरांकडून तशी अपेक्षा आणि इतरांना आपल्याकडून ती आहे असं वाटणं. तिसरा प्रकार हौशी धावपटूला फार छळतो. स्ट्राव्हा ॲपवरचे आकडे सगळ्या ग्रुपला दिसतात. मग आरामात धावायच्या दिवशीही वेग वाढतो, दुखऱ्या पिंढरीकडे काणाडोळा होतो आणि ऐन स्पर्धेच्या महिन्यात दुखापत पदरी पडते.

या हट्टातून बाहेर पडलेला माणूस कसा असतो, हे वॉली हेवर्डने दाखवलं. १९३० ते १९५४ या काळात त्याने कॉम्रेड्स पाच वेळा जिंकली. १९८९ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, तो पुन्हा उतरला. तेव्हा मुदत अकरा तासांची होती आणि ती संपायला दोन मिनिटंही उरली नसताना तो आत आला. एकेकाळी सगळ्यांच्या पुढे असलेल्या माणसाने शेवटच्या रांगेत धावायची तयारी ठेवली, म्हणूनच ही दौड त्याच्या हातून घडली. मला हा त्याचा सहावा विजय वाटतो.

मनाचा थकवा पायांत उतरतो, याला प्रयोगाचाही आधार आहे. वेल्समधल्या बँगर विद्यापीठात सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी १६ जणांकडून दीड तास लक्ष एकवटावं लागेल असं काम संगणकावर करून घेतलं आणि मग दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. ते सरासरी ६४० सेकंद टिकले. माहितीपट पाहून सायकलवर बसले त्या दिवशी हाच आकडा ७५४ सेकंद होता. हृदय आणि स्नायू दोन्ही दिवशी सारखेच होते, पण दमलेल्या मनाला तेवढेच श्रम जास्त वाटत होते. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दर किलोमीटरला घड्याळाशी हुज्जत घालणारं मन काय किंमत मोजत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

कणखरपणा सरावाने येतो, आणि त्याच्या सवयी साध्या आहेत. आठवड्यातून एकदा घड्याळ घरी ठेवा आणि गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने धावा. ऑफिसातून दमून आल्यावर कधीतरी मुद्दाम थोडंसं पळा, म्हणजे कंटाळलेल्या मनाला सोबत घेऊन धावायची सवय होते. चढावर पाय गळाले तर स्वतःशी काय बोलायचं, ते आधीच ठरवा. ‘पुढच्या खांबापर्यंत’ एवढंही पुरतं. चढ चालत काढायचा असेल तर तोही आखणीतच धरा, म्हणजे चालताना अपराधी वाटणार नाही.

दुखणं अंगावर काढणं म्हणजे मात्र कणखरपणा नव्हे. हाडात एकाच जागी बोचणारी कळ, छातीत दुखणं, भोवळ, उन्हात बोलणं असंबद्ध होणं, यांपैकी काहीही झालं तर थांबायचं आणि मदत मागायची. मॅरेथॉनमध्ये दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेल्या एलियुड किपचोगेनेही २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीस किलोमीटरनंतर शर्यत सोडली. त्यामुळे त्याची थोरवी उणावली नाही.

थंडीचा हंगाम आता सुरू होतोय आणि जानेवारीत मुंबई मॅरेथॉन आहे. वहीत लक्ष्य लिहाल तेव्हा तीन लिहा: सगळं जुळून आलं तर गाठायची वेळ, दिवस बेताचा गेला तर चालेल अशी वेळ आणि काहीच मनासारखं झालं नाही तरी धडधाकट घरी येणं. तिन्हींची तयारी सारख्याच मनापासून करा. पहिलं हातचं निसटलं, तर दुसऱ्यासाठी त्याच पावलाला कामाला लागायचं. लांब पल्ल्याची खरी ताकद तिथेच लागते.