चार बोटांनी मिळालेलं सोनं

आज एका परदेशी खेळाडूबद्दल बोलूया. नाव जरा अवघड आहे, ग्युला झिव्होत्स्की. युरोपातल्या हंगेरी देशाचा, राजधानी बुडापेस्टमध्ये १९३७ साली जन्मलेला. त्याचा खेळ हातोडाफेक.

हातोडा म्हटलं की आपल्याला लोहार आठवतो. हा तसा नसतो. एक लोखंडी गोळा, त्याला तार, आणि तारेच्या टोकाला धरायला मूठ. मुठीसकट लांबी साधारण चार फूट. पुरुषांचा हातोडा सव्वासात किलोचा. सात फुटांच्या गोल रिंगणात उभं राहून आधी तो डोक्याभोवती फिरवायचा, मग त्याच्यासोबत स्वतः तीन-चार गिरक्या घ्यायच्या आणि सोडून द्यायचा. गोफण आणि फुगडी एकत्र केली तर जे होईल, ते. फुगडीत वेग वाढला की आपण दोघी मागे रेलतो, आणि जितका वेग जास्त तितकी हाताला ओढ जास्त. इथे समोरच्या मैत्रिणीच्या जागी गोळा असतो. मोठ्या खेळाडूंच्या हाताला शेवटच्या गिरकीत सुमारे तीन क्विंटलची ओढ बसते. तेव्हा नुसते दंड भरून भागत नाही. पाय, कंबर आणि तोल यांच्यावर सगळा खेळ असतो. पाय रिंगणाबाहेर पडला की फेक बाद.

हंगेरीने या खेळात १९४८ आणि १९५२ अशी लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली होती. त्यामुळे ग्युलाकडून लोकांची अपेक्षा मोठी. १९६० मध्ये रोमला त्याला रौप्य मिळालं. वय तेवीस, म्हणजे कौतुकच झालं असणार. दोन वर्षांनी तो युरोपचा विजेता झाला. १९६४ मध्ये टोकियोला पुन्हा रौप्य. सोव्हिएत संघाच्या रोमुआल्ड क्लिमने त्याला ६५ सेंटिमीटरने, म्हणजे दीड हाताने मागे टाकलं.

पुढच्याच वर्षी ग्युलाने ७३.७४ मीटरचा जागतिक विक्रम केला. १९६६ ची युरोपीय स्पर्धा तर त्याच्याच गावात, बुडापेस्टमध्ये होती. तिथेही क्लिम पहिला, हा दुसरा! जगातली सर्वांत लांब फेक ज्याच्या नावावर, तोच आपल्या माणसांसमोर हरला. मला तर वाटतं, सुरुवातीलाच बाहेर पडण्यापेक्षा हे सोसायला कठीण.

१९६८ च्या सप्टेंबरात त्याने आपलाच विक्रम दोन सेंटिमीटरने वाढवला. महिनाभराने मेक्सिको सिटीचं ऑलिम्पिक होतं. वय एकतीस, आणि समोर पुन्हा क्लिम. क्लिमची फेक ७३.२८ मीटर, ग्युलाची ७३.३६. दोनशे चाळीस फुटांवर पडलेल्या गोळ्यांमध्ये फरक आठ सेंटिमीटरचा. आपली चार बोटं जोडून बघा, तेवढाच. कांस्यही हंगेरीच्याच लाझार लोवासला मिळालं.

ग्युलाची बायको मॅग्डोल्ना कोम्का हीसुद्धा ऑलिम्पिक खेळाडू. तिचा खेळ उंच उडी. तिला हातोडा फेकावासा वाटला असता तरी ऑलिम्पिकची वाट बंद होती. पुरुषांसाठी ही स्पर्धा १९०० पासून होती, बायकांसाठी ती सुरू झाली २००० मध्ये, सिडनीला. शंभर वर्षं लागली, आणि तीही कशासाठी? गोळा जड म्हणून? डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बायका काय जगात नव्हत्या?

त्या सिडनीत ग्युला आणि मॅग्डोल्नाचा मुलगा अत्तिला डेकॅथलॉनमध्ये, म्हणजे दहा खेळांच्या स्पर्धेत उतरला होता. २००५ मध्ये त्याने जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. वडिलांच्या हयातीतच ते झालं. ग्युला २००७ मध्ये वारला.

आणि सिडनीत बायकांच्या हातोडाफेकीचं पहिलं सोनं मिळालं पोलंडच्या कामिला स्कोलिमोव्स्काला. तिचा हातोडा चार किलोचा. फेक ७१.१६ मीटर. वय सतरा.